शेवटच्या दोन मिनिटांत शिट्टी कुठं जाते?

पोवईनाका

२७ एप्रिल २०२५, डेट्रॉईट. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या प्लेऑफमधली (बाद फेऱ्या) पहिल्या फेरीतली चौथी मॅच, डेट्रॉईट पिस्टन्स विरुद्ध न्यूयॉर्क निक्स. निक्स ९४, पिस्टन्स ९३. अगदी शेवटी पिस्टन्सचा टिम हार्डवे ज्युनियर कोपऱ्यातून तीन पॉइंटचा शॉट मारायला उठतो, निक्सचा जॉश हार्ट त्याच्या अंगावर जातो, बॉल बाहेर, बझर, मॅच खलास. शिट्टी नाही. नंतर मुख्य पंच डेव्हिड गथ्री यांनी स्वतःच सांगितलं की व्हिडिओ बघितल्यावर तो फाउल द्यायला हवा होता. म्हणजे एका पॉइंटनं मागं असलेल्या टीमला वेळ संपत आल्यावर तीन फ्री थ्रो! पिस्टन्स ती सातपैकी चार जिंकायची सिरीज ४-२ अशी हरले.

त्याआधीचं एक. २८ जानेवारी २०२३, बोस्टन. आपल्याकडं रविवारची सकाळ होती, त्यामुळं बऱ्याच जणांनी ही मॅच लाइव्ह बघितली असणार. बरोबरी, शेवटचे सेकंद, लेकर्सचा लेब्रॉन लेअपला (रिंगजवळ जाऊन टाकायचा शॉट) जातो, बोस्टनचा टेटम त्याच्या हातावर मारतो. रिप्लेची पण गरज नव्हती, आवाज आल्यासारखं वाटलं. शिट्टी नाही. लेकर्सच्या पॅट्रिक बेव्हर्लीनं फोटोग्राफरचा कॅमेरा घेऊन पंचांना फोटो दाखवला, तर त्यालाच टेक्निकल, म्हणजे गैरवर्तनाचा फाउल! ओव्हरटाइममध्ये लेकर्स १२५-१२१ हरले. नंतर पंचांच्या संघटनेनं जाहीर मान्य केलं की आमची चूक झाली, आमची झोप उडालीय म्हणून.

माझा मुद्दा झोपेचा नाही. पहिल्या क्वार्टरला जो धक्का फाउल असतो तोच शेवटच्या दहा सेकंदांत "खेळू द्या" कसा होतो? आपल्या शालेय स्पर्धांपासून एनबीएपर्यंत हेच. सातारा-सांगलीत बास्केटबॉल बघणारी जनता थोडी आहे, पण आहे. मतं मांडा.

हळदकट्टा

मांडा काय मांडा. सगळं सेटिंग असतंय. टिम डोनागी विसरला काय? पंचच सट्टा लावत होता. आणि २००२ ची लेकर्स-किंग्जची सहावी मॅच बघा. एकट्या चौथ्या क्वार्टरला लेकर्सना २७ फ्री थ्रो. सत्तावीस! लेकर्स १०६-१०२ जिंकले, सातवी मॅच झाली, ती पण त्यांनीच मारली. टीव्हीवाल्यांना सातवी मॅच पायजे होती, मिळाली. आम्ही सांगलीवाले हळदीचे सौदे बघत मोठे झालोय, रुमालाखाली बोटं कशी हलतात ते आम्हाला नका शिकवू.

कंदीपेढा

आले सांगलीकर. आता धागा शंभरी गाठणार. भडंग घेऊन बसतो.

शिट्टीवाला

हळदकट्टा, डोनागीबद्दल थोडं नीट लिहू या, कारण त्याचं नाव घेऊन प्रत्येक चुकीवर शिक्का मारायची सवय लागलीय.

डोनागी एनबीएत १३ सीझन पंच होता. स्वतः ज्या मॅचमध्ये शिट्टी वाजवायची त्यांवर पैसे लावायचा आणि आतली माहिती जुगाऱ्यांना पुरवायचा. एफबीआयच्या तपासात सापडला, ऑगस्ट २००७ मध्ये गुन्हा कबूल केला, २००८ मध्ये १५ महिन्यांची शिक्षा झाली. इथपर्यंत नक्की. मुद्दाम चुकीची शिट्टी वाजवली असं त्यानं कबूल केलेलं नाही. लीगनं नेमलेल्या वकिलाच्या चौकशीतही तसा पुरावा मिळाला नाही. त्या चौकशीवर नंतर पत्रकारांनी शंका घेतल्या, त्या घेण्यासारख्या आहेतही. २००२ च्या मॅचचा आरोपही डोनागीच्याच वकिलानं कोर्टात दिलेल्या पत्रातून आला. लीगनं फेटाळला, सिद्ध कधी झाला नाही. ती मॅच वाईट पंचगिरीचा नमुना आहे, हे मी म्हणेन. विकलेली होती हे म्हणायला माझ्याकडं काही नाही.

आता पोवईनाका यांच्या प्रश्नाकडं. मी जिल्हा पातळीवर बरीच वर्षं शिट्टी वाजवली, शाळेत पीटी शिकवली. तीन पंच कसे उभे राहतात ते आधी बघा. एनबीएनं १९८८-८९ पासून दोनाचे तीन पंच केले. एक बास्केटच्या मागं बेसलाइनवर, त्याला लीड म्हणतात. एक मागं, मध्यरेषेच्या बाजूला, तो ट्रेल. तिसरा समोरच्या साइडलाइनला, फ्री थ्रो लाइनच्या पातळीला, तो स्लॉट. फिबात, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांत, त्यालाच सेंटर म्हणतात. बॉल फिरला की तिघं फिरतात. प्रत्येकाचं क्षेत्र ठरलेलं. माझ्या क्षेत्रात बॉल नसेल तर मी बॉलकडं बघायचंच नाही. ज्यांच्याकडं बॉल नाही त्यांची ढकलाढकली बघायची. प्रेक्षकाला हे पटत नाही. तो ओरडतो, "समोर तर उभा होतास!" अरे, समोर उभा होतो, पण माझं काम दुसरीकडं होतं.

दुसरं म्हणजे कोन. फाउल दिसायला शूटर आणि डिफेंडर यांच्यामधली फट दिसावी लागते. दोघं एका रेषेत आले, एकाची पाठ माझ्याकडं आली, की हात लागला का नाही हे मला देवसुद्धा सांगू शकत नाही. तुम्ही टीव्हीवर बघता तो कॅमेरा उंचावर असतो, आणि रिप्ले फट दिसणाऱ्या कोनातूनच दाखवतात. पंच दोन पावलं उशिरा पोचला की फट गेली. आमच्या प्रशिक्षणात अर्धा वेळ नियमांवर नाही, पावलांवर जायचा.

आणि जिल्ह्यात अजून दोनच पंच असतात. २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद कोर्ट, दहा खेळाडू, दोन माणसं. हिशोब करा.

चारभिंती

सर, तुमचं कोनाचं पटलं, पण पोवईनाकांचा प्रश्न तसाच राहिला. कोन पहिल्या क्वार्टरलाही चुकतो. शेवटच्या मिनिटालाच शिट्टी तोंडात का राहते?

मी कॉलेजकडून खेळले आहे. शेवटच्या मिनिटाला आमचा कोच सरळ सांगायचा, "आता धरा, ओढा, पंच काही देणार नाही." आणि खरंच द्यायचे नाहीत. याचा फायदा कुणाला? जी टीम बचाव करतेय आणि अंगानं दांडगी आहे तिला. म्हणजे शिट्टी न वाजवणं हाही एका बाजूचा निर्णयच झाला की. तटस्थ नाही झाला.

शिट्टीवाला

चारभिंती ताई, बरोबर नस पकडलीत. वाजवलेली चुकीची शिट्टी सगळ्यांना ऐकू येते, पंचाच्या नावावर चिकटते. न वाजवलेली शिट्टी धुरळ्यात जाते, "खेळाडूंनी निकाल लावला" म्हणून टाळ्याही मिळतात. माणूस आहे, कुठला धोका पत्करेल?

माहुलीकर

चुकीच्या शिट्टीचं उदाहरण हवं असेल तर १९८८ ची फायनल. पिस्टन्स-लेकर्स, सहावी मॅच. पिस्टन्स एका पॉइंटनं पुढं, जिंकले असते तर ट्रॉफी घरी. १४ सेकंद राहिलेले असताना करीम अब्दुल-जब्बारच्या हुकशॉटवर बिल लॅम्बीरला फाउल दिला. स्पर्श झाला का नाही यावर अजून भांडणं चालू आहेत. करीमनं दोन्ही फ्री थ्रो घातले, लेकर्स १०३-१०२, आणि सातवी मॅचही जिंकले. इतकी वर्षं झाली, डेट्रॉईटवाले अजून त्याला भुताटकीचा फाउल म्हणतात. मग २०२५ ला त्याच डेट्रॉईटला न वाजलेल्या शिट्टीनं मारलं. दोन्ही बाजूंनी मार एकाच गावाला.

कंदीपेढा

मला सगळ्यात आवडती चूक म्हणजे रॉकेट्सच्या हार्डनचा डंक (उडी मारून बॉल हातानं रिंगमध्ये कोंबणं). ३ डिसेंबर २०१९, रॉकेट्स-स्पर्स. हार्डननं एवढ्या जोरात डंक मारला की बॉल जाळीतून खाली आला, जाळीनं झोका देऊन पुन्हा वर फेकला आणि रिंगवरून बाहेर. पंचांना वाटलं बास्केट झालंच नाही. दोन पॉइंट गायब! पुढं रॉकेट्स दोन ओव्हरटाइमनंतर १३५-१३३ हरले. बरोब्बर दोन पॉइंटनी. 😂 लीगनं म्हटलं चूक झाली, पंचांवर कारवाई केली, पण निकाल तोच. रॉकेट्सनी निषेध नोंदवला तर उत्तर काय, तर म्हणे तुमच्याकडं जवळपास आठ मिनिटं होती, भरून काढायचं होतं.

हे न्यायाला धरून आहे का? बॉल जाळीतून गेला हे तर डोळ्यांनी दिसतंय, त्यात पंचाचं मत कुठनं आलं?

माहुलीकर

निषेध मान्य झाल्याचं उदाहरण आहे, आणि ते याहून भारी आहे.

१९ डिसेंबर २००७, अटलांटा हॉक्स विरुद्ध मायामी हीट. ओव्हरटाइममध्ये ५१.९ सेकंद राहिले असताना हीटचा शकील (शॅक) ओ'नील सहा फाउल झाले म्हणून बाहेर. प्रत्यक्षात त्याचे पाचच झाले होते, टेबलवाल्यांनी, म्हणजे स्कोअर आणि फाउल लिहिणाऱ्यांनी, मोजताना घोळ घातला. हीटनी निषेध नोंदवला आणि लीगनं तो मान्य केला. १९८२ नंतर पहिल्यांदा. मग ८ मार्च २००८ ला तीच ५१.९ सेकंद पुन्हा खेळवली! तोपर्यंत शॅकची बदली फिनिक्सला झालेली. ज्याच्यासाठी एवढी उठाठेव तोच हजर नाही. आणि त्या ५१.९ सेकंदांत दोन्ही टीमना एक पॉइंट करता आला नाही. हॉक्स ११४-१११. हॉक्सना टेबलच्या निष्काळजीपणाबद्दल ५० हजार डॉलर दंड.

म्हणजे कागदावरची मोजणी चुकली तर मॅच मागं जाते. पंचाच्या नजरेची चूक झाली तर नाही जात. कंदीपेढा, तुमचा डंक मधेच अडकला: दिसायला मोजणी, पण धरली नजरेची चूक.

कोयनाकाठ

राव, तुम्ही अमेरिकेत फिरताय, जरा घरी या. आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ हेलसिंकी, स्वतंत्र भारताला वैयक्तिक पहिलं ऑलिंपिक पदक. आमच्याकडं म्हातारी माणसं सांगतात की जपानच्या इशीशी लांबलचक कुस्ती झाल्यावर लगेच त्यांना सोव्हिएत पैलवानापुढं उभं केलं. नियमानं अर्धा तास विश्रांती मिळायला पाहिजे होती, पण बाजू मांडायला तिथं आपला एक अधिकारी हजर नव्हता. ही चूक कुणाच्या नजरेची? घड्याळ भिंतीवर होतं की!

आणि अलीकडचं म्हणाल तर फेब्रुवारी २०२५ ची महाराष्ट्र केसरी, अहिल्यानगर. पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या निर्णयावर शिवराज राक्षे भडकला, पाठ टेकलीच नाही म्हणाला, पंचाला लाथ मारली. तीन वर्षं बंदी. फायनलला महेंद्र गायकवाड गुणांवरून वाद घालून मैदान सोडून गेला, त्यालाही तीन वर्षं. २०२२ ला हीच स्पर्धा आपल्या साताऱ्यात झाली तेव्हा मी स्टँडमध्ये होतो. आखाड्याच्या कडेला बसलेला प्रत्येक जण पंच असतो आणि प्रत्येकाला पाठ टेकलेली दिसते किंवा दिसत नाही, आपला पैलवान कोण त्यावर.

पोवईनाका

कोयनाकाठ, खाशाबांची आठवण काढलीत ते बरं केलं. पण विषय बास्केटबॉलवरच ठेवू, नाहीतर कुस्तीवर धागा वळला की परत येत नाही.

लीगच्या त्या "शेवटच्या दोन मिनिटांच्या अहवाला"बद्दल बोलू. २०१५ पासून काढतात. सुरुवातीला शेवटच्या दोन मिनिटांत फरक पाच किंवा कमी असेल तर, २०१७-१८ पासून तीन किंवा कमी असेल तर. प्रत्येक शिट्टी आणि न वाजलेली महत्त्वाची प्रत्येक शिट्टी तपासतात, बरोबर का चूक ते दुसऱ्या दिवशी छापतात. चाळून बघा, चुकीच्या शिट्ट्यांपेक्षा राहून गेलेल्या शिट्ट्याच कितीतरी जास्त सापडतील. म्हणजे चारभिंती म्हणाल्या ते लीगच्याच कागदावर आहे.

पण उपयोग काय? पोस्टमॉर्टेमनं पेशंट उठत नाही. हरलेल्या टीमला कागद मिळतो, जिंकलेल्या टीमला मॅच.

हळदकट्टा

तेच तर म्हणतोय. कागद काढायचा, आम्ही किती प्रामाणिक म्हणून मिरवायचं. आणि खेळाडूनं पैशाची खूण केली की दंड. रुडी गोबेअरनं मार्च २०२४ ला बोटं चोळून दाखवली, एक लाख डॉलर!

स्टारचं पण बोला जरा. २००६ फायनलची पाचवी मॅच. ड्वेन वेडला एकट्याला २५ फ्री थ्रो. डॅलसच्या अख्ख्या टीमला मिळून २५. शेवटचे दोन फ्री थ्रो पण त्याचेच, मायामी १०१-१००. आता म्हणा कोन चुकला म्हणून.

शिट्टीवाला

कोन चुकला नाही म्हणणार. पण फ्री थ्रोची बेरीज हा पुरावा नाही. जो खेळाडू दर वेळी बॉल घेऊन रिंगकडं घुसतो त्याला फाउल जास्त मिळणार, जी टीम लांबून मारते तिला कमी. वेड ती सिरीजभर घुसत होता. त्यातले काही फाउल हलके होते, शेवटच्या फाउलवर तर मीही कपाळाला हात लावला. आकडा दाखवून "बघा" म्हणणं सोपं आहे. एकेक शिट्टी बघावी लागते.

स्टारला झुकतं माप मिळत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. पंचाच्या डोक्यात आधीच एक चित्र असतं, "हा असं करत नाही", "हा नेहमी धरतो". अर्ध्या सेकंदात डोळ्यांना अर्धवट दिसलं की उरलेलं ते चित्र पुरं करतं.

रात्रपाळी

मी एमआयडीसीत नाइट करतो, सकाळी घरी आलो की मॅच लागलेली असते. म्हणून बघायला लागलो, नियम फारसे कळत नाहीत. एक विचारू का? हे लोक बॉल हातात घेऊन तीन-तीन पावलं टाकतात. शाळेत आम्हाला दोन पावलांवर शिट्टी वाजायची. तिथले पंच झोपलेले असतात का?

शिट्टीवाला

रात्रपाळी, छान विचारलंत. "पंचाची चूक" म्हणून फिरणाऱ्या निम्म्या क्लिप्स याच असतात.

ड्रिबल करत पळताना बॉल दोन्ही हातांत घेतला, किंवा एका हातात स्थिरावला, तो क्षण म्हणजे गॅदर. त्या क्षणी जो पाय जमिनीवर असेल तो मोजायचा नाही. त्यानंतर दोन पावलं. बघणाऱ्याला तीन दिसतात. एनबीएत हे आधीपासून चालत होतं, २०१९ मध्ये त्यांनी गॅदरची व्याख्या नियमपुस्तकात स्पष्ट केली. फिबानंही २०१७ पासून पळत्या खेळाडूसाठी हे शून्याचं पाऊल मान्य केलं. म्हणजे आता आपल्या शालेय स्पर्धेतसुद्धा ते चालतं. तुमच्या शाळेतल्या सरांनी वाजवलेली शिट्टी त्या वेळच्या नियमानं बरोबर होती.

मात्र उभ्या जागी बॉल पकडला असेल तर शून्याचं पाऊल नाही. तिथं टेकलेला पाय सरकला की ट्रॅव्हलिंग, म्हणजे जादा पावलांची चूक. आणि हो, एनबीएवाले कधीकधी चार पावलंही सोडतात. ती चूकच.

गंमत म्हणजे गॅदर नेमका कधी झाला हे पुन्हा नजरेवरच आहे. स्लो मोशनमध्ये बॉल तळहातावर किती वेळ टेकला ते दिसतं, पण स्लो मोशननं आणखी एक घोटाळा होतो: सगळंच जास्त वेळ चालल्यासारखं वाटतं. ब्लॉक आणि चार्जचंही (धडकेत चूक बचाव करणाऱ्याची का घुसणाऱ्याची) असंच. डिफेंडर आधी जागेवर उभा होता का, हे फ्रेम अडकवून बघितलं की दोन माणसं दोन उत्तरं देतात. रिंगखालच्या अर्धवर्तुळात उभं राहून चार्ज मागता येत नाही, हे त्यातल्या त्यात सोपं, कारण रेषा आखलेली आहे. बाकी सगळं छातीला लागलं का खांद्याला, आधी का नंतर. माझ्या मते या खेळातली सगळ्यात अवघड शिट्टी तीच. ट्रॅव्हलिंगवर लोक उगाच वेळ घालवतात.

रात्रपाळी

धन्यवाद सर. आता मॅच बघताना पोरांसमोर शहाणपणा करता येईल.

पोवईनाका

सर, मग चॅलेंजचं, म्हणजे पंचाचा निर्णय तपासायला लावायच्या हक्काचं काय? कोचला मॅचमध्ये एक चॅलेंज मिळतं, २०१९-२० ला प्रयोग म्हणून सुरू झालं. २०२३-२४ पासून पहिलं बरोबर निघालं तर दुसरंही मिळतं. न्यू जर्सीत सिकॉकसला अख्खं रिप्ले सेंटर उभं केलंय, सगळ्या मैदानांतले कॅमेरे तिथं दिसतात. एवढं असताना लेब्रॉनच्या वेळी लेकर्सनी चॅलेंज का नाही घेतलं?

शिट्टीवाला

घेताच येत नाही! चॅलेंज हे वाजलेल्या शिट्टीला असतं. दिलेला फाउल, बाहेर गेलेला बॉल कुणाचा, दिलेलं गोलटेंडिंग (रिंगकडं खाली येणारा बॉल अडवणं). न वाजलेल्या शिट्टीला चॅलेंज नाही. हार्डवेच्या वेळीही तेच. सगळी यंत्रणा चुकीची शिट्टी पकडायला बांधलीय, राहिलेली शिट्टी पकडायला नाही. मी वर म्हटलं ना, पंचाला कुठला धोका सोपा वाटतो. त्यात आता हेही धरा: वाजवली तर तपासली जाईल, नाही वाजवली तर मॅच चालू असताना कुणी विचारणार नाही.

एक फट मात्र त्यांनी उघडली. २०२४-२५ पासून, बॉल बाहेर कुणाकडून गेला यावर चॅलेंज घेतलं आणि तपासताना तिथंच आधी राहून गेलेला फाउल दिसला, तर तो देता येतो. पण तेवढंच.

चारभिंती

हे माहीत नव्हतं. मग माझं मत आणखी पक्कं झालं.

पण पोवईनाका, अहवालाचा काही उपयोग नाही हे मला मान्य नाही. एक अभ्यास आहे. जोसेफ प्राइस आणि जस्टिन वुल्फर्स या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ ते २००४ च्या एनबीए मॅचमधले फाउल तपासले. पंच एका वर्णाचे आणि खेळाडू दुसऱ्या वर्णाचा असेल तर त्याला थोडे जास्त फाउल मिळतात असं निघालं. फरक छोटा, पण होता. २००७ मध्ये हे वर्तमानपत्रांत गाजलं, लीगनं जोरदार नाकारलं. पुढं त्याच मंडळींनी नंतरच्या वर्षांचे आकडे तपासले तर फरक नाहीसा झालेला! लीगनं कुठलं प्रशिक्षण सुरू केलं होतं असंही नाही. फक्त बोभाटा झाला होता. आपल्याकडं कुणीतरी बघतंय म्हटल्यावर पंच सुधारले.

म्हणून छापा. मेलेला पेशंट उठणार नाही, पण पुढच्याला औषध मिळेल.

पोवईनाका

हा मुद्दा जोरदार आहे. पण मग फक्त दोनच मिनिटं का? अख्ख्या ४८ मिनिटांचा अहवाल काढा. आत्ता होतं काय, तर बाकीची ४६ मिनिटं शुद्ध असल्यासारखं चित्र उभं राहतं. हार्डनचा डंक आठ मिनिटं राहिली असताना गेला, अशी चूक या अहवालात येणारच नाही.

माहुलीकर

पंचांच्या संघटनेला तर आहे तो अहवालही नको आहे. त्यांचं म्हणणं, यानं पंचांवर शिव्या वाढल्या, निर्णय सुधारले नाहीत. आता चारभिंतींचा अभ्यास आणि हे, दोन्ही एकत्र कसं बसवायचं?

चारभिंती

तो अभ्यास एकेका पंचाचं नाव घेऊन बोट दाखवत नव्हता, सगळ्यांचा कल दाखवत होता. अहवालात त्या मॅचच्या तीन पंचांची नावं वर असतात. फरक पडणारच. नावं काढा आणि महिन्याचा कल छापा, असं मी म्हणेन.

शिव्यांचं म्हणाल तर ते इथंही आहेच. एका स्पर्धेत (नाव नको) मैत्रीण शिट्टी वाजवायला उभी राहिली होती. पहिल्या फाउललाच प्रेक्षकांतून "घरी जा, भाकरी थाप". एनबीएत व्हायोलेट पामर १९९७ मध्ये पंच म्हणून उतरली आणि पुढं फायनल्सपर्यंत नाही पण प्लेऑफपर्यंत पोचली. आमच्या मैत्रिणीनं त्या मॅचनंतर शिट्टी ठेवून दिली. मग म्हणायचं, चांगले पंच मिळत नाहीत.

कोयनाकाठ

हे वाचून वाईट वाटलं ताई. पंचालाही ओरडणाऱ्याला बाहेर काढायचा अधिकार असतो ना?

शिट्टीवाला

आयोजकांना सांगून काढता येतं. पण आयोजकाचा मेहुणाच ओरडत असतो.

आणि अधिकार डोक्यात गेला तर काय होतं तेही बघा. एप्रिल २००७, टिम डंकन बाकावर बसून हसत होता, जोई क्रॉफर्डनं त्याला टेक्निकल देऊन बाहेर काढलं. लीगनं क्रॉफर्डलाच उरलेल्या सीझनसाठी घरी बसवलं.

कंदीपेढा

मग आपल्या पातळीवर काय करायचं ते बोला की. हल्ली प्रत्येक पालक मोबाईलवर मॅच शूट करतो. टेबलवर एक मोबाईल ठेवा स्टँडवर, वाद झाला की बघा. खर्च शून्य.

शिट्टीवाला

नको. टेबलवरचा मोबाईल मध्यरेषेवरून बघतो, रिंगखालचं त्यात काही कळत नाही. मग दुसरा पालक म्हणणार माझ्या मोबाईलमध्ये बघा. तिसरा म्हणणार त्यानं आधीचा भाग कापलाय. मॅच बाजूला, मोबाईलची स्पर्धा सुरू. वेळ किती उरला, फाउल कितवा, शेवटचा बॉल बझरआधी सुटला का, एवढ्यासाठी वापरा फार तर. नजरेच्या निर्णयाला नको.

त्यापेक्षा क्वार्टर फायनलपासून तरी तिसरा पंच द्या. आणि टेबलवर बसणारी पोरं आदल्या दिवशी तासभर शिकवून बसवा. आमच्याकडं ज्याला टीममध्ये घेतलं नाही त्याला स्कोअरशीट देतात, मग तो रुसून लिहितो. मागं एका फायनलला टाइमआउटमध्ये घड्याळ चालूच राहिलं होतं, दोन्ही कोच टेबलवर चढले. शॅकवाला प्रकार रोज घडतो इथं, फक्त पुन्हा ५१.९ सेकंद खेळवायला कुणी बोलवत नाही.

हळदकट्टा

तिसऱ्या पंचाचं मानधन कोण देणार? आत्ताच दोघांना चहा-वडापाव आणि पाकीट द्यायला रडतात.

पोवईनाका

स्वागतकमानीचा फ्लेक्स एक कमी लावायचा. पाहुण्यांच्या फेट्यांतून पण बरेच सुटतील.

हळदकट्टा

फ्लेक्सवर ज्याचा फोटो असतो तोच वर्गणी देतो, भावा. आमच्या सांगलीत तरी असंच आहे.

शिट्टीवाला

पहिल्या वर्षी मी मानधन न घेता तिसरा उभा राहतो. अजून दोघा-तिघा निवृत्त पंचांना विचारतो. पण चहा दोन वेळा पाहिजे, आणि तोही हाफ टाइमला गार झालेला नको.

चारभिंती

सर, त्या मैत्रिणीलाही विचारू का? तुम्ही बरोबर असाल तर ती कदाचित येईल.

शिट्टीवाला

विचारा. लीडला मी राहतो, तिला स्लॉट देऊ. तिथून रिंगखालची फट सगळ्यात चांगली दिसते आणि प्रेक्षक जरा लांब असतात. शिट्टी तिची तिला आणायला सांगा.